पप्पांची मापाची काठी आणि यंदाची नाताळची चांदणी

वाडीतली | २८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

परवा माळा आवरताना गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे पप्पांची मापाची काठी सापडली. दोन फुटांची बांबूची कामटी, हाताळून हाताळून तुकतुकीत झालेली. दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर एकेक खाच, पटाशीने मारलेली, आणि खाचेत अजून निळ्या पेन्सिलीचा रंग. बाकी काठीवर काहीच नाही.

ही चांदणीची काठी. आमचं घर वसईत, निर्मळला. पप्पा सुतारकाम करायचे. आगमन काळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार झाला की संध्याकाळी ओटीवर कामट्यांची भारी पडायची आणि आळीतली पोरं गोळा व्हायची. एका चांदणीला दहा लांब कामट्या आणि पाच आखूड. पप्पा टेप लावत नसत. कामटी काठीशेजारी धरायची, खाचांवर पेन्सिलीने दोन फराटे मारायचे आणि पुढच्या माणसाकडे सरकवायची. मग एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. बांधणाऱ्याचे दोन्ही हात गुंततात, त्यामुळे चांदणी एकट्याने होत नाही. पप्पांच्या हातात एवढं कसब, पण त्यांनीही कधी एकट्याने केलेली मला आठवत नाही.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी फ्लॅटच्या खिडकीला विकतची प्लास्टिकची चांदणी लावते. यंदा ती लावायची नाही असं ठरवलंय. इमारतीतल्या तिघी-चौघी मैत्रिणी बसायला तयार आहेत. नाताळ त्यांच्या घरचा सण नाही, तरी एकीने तर कामट्या कुठून आणायच्या हेही विचारून ठेवलं.

आता माझे प्रश्न. खाच टोकापासून मोजली तर नऊ इंच एक सूत भरते. मधला भाग पावणेसहा इंच. एवढं अडनिडं माप का? पप्पांना विचारायचं राहून गेलं. दुसरं, कागद कोणता घेऊ? आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी घरातल्या वस्तूंमधून काय काय करता येईल, तेही सांगा.

---

मांडवीकाठ | २८ नोव्हेंबर, रात्री ११:०२

वाचून आमचं अंगण डोळ्यासमोर आलं. आम्ही कोंकणीत नखेत्र म्हणतो. गोव्यात गावोगावी नखेत्रांच्या आणि गोठ्यांच्या स्पर्धा असतात, आणि रात्री स्कूटरवरून ते बघत फिरणं हा आमच्या लहानपणीचा अर्धा नाताळ.

कागदाबद्दल अनुभवाचे बोल. पतंगी कागद घ्या. जिलेटिन कागद दुकानात चमकतो, पण खळ धरत नाही आणि वाऱ्यावर फडफडतो. पतंगी कागदातून उजेड सगळीकडे सारखा पसरतो. मात्र त्याचा रंग ओल्या हाताला लागतो, म्हणून खळ कामटीला लावा, कागदाला नाही.

खळ मैद्याची. वाटीभर पाण्याला दोन मोठे चमचे मैदा, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा लहान मुलं हात घालणार असतील तर घालू नका. दोन दिवसांत संपेल एवढीच खळ करा.

कामट्या बुरुडाकडून सोलून घ्या आणि बांधायच्या आदल्या रात्री पाण्यात टाका. कोरडी कामटी वाकवताना तुटते आणि कूस हातात घुसते. दिवा फक्त एलईडी, लहान वॅटचा. आमच्याकडे एका वर्षी जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावला होता. कागद आधी तपकिरी पडला आणि मग बशीएवढं भोक. नशीब, काका तेव्हा अंगणातच होते.

---

सुतारपक्षी | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

ताई, तुमच्या पप्पांचं माप अडनिडं नाही, अगदी बरोबर आहे.

पाच सारख्या काठ्यांची चांदणी केली की प्रत्येक काठीला दुसऱ्या दोन काठ्या छेदतात. तिचे तीन तुकडे पडतात: टोकाकडचा, मधला, टोकाकडचा. चांदणी पाचही बाजूंनी सारखी हवी असेल तर टोकाकडचा तुकडा मधल्याच्या १.६१८ पट असावा लागतो. हेच ते सुवर्ण गुणोत्तर. पंचकोनाचे कर्ण एकमेकांना याच प्रमाणात छेदतात, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय.

हिशेब सोपा आहे. काठीची लांबी गुणिले ०.३८२, तिथे खूण. चोवीस इंचाला ९.१७ येतात. एका इंचात आठ सूत, म्हणजे नऊ इंच आणि एक सुताहून किंचित जास्त. तो किंचित फरक कामटीच्या जाडीत जिरून जातो. त्यांनी हे गणिताने काढलं की दहा चांदण्या बांधून, उकलून, पुन्हा बांधून काढलं, हे मला सांगता येणार नाही. पण खाच जिथे हवी तिथेच आहे.

---

वाडीतली | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद लोकलमध्ये उभ्याने वाचला आणि डोळे भरून आले. पप्पा सातवी शिकलेले. मनापासून आभार.

---

आईची_लेक | २९ नोव्हेंबर, दुपारी २:४५

सुंदर धागा. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणींना मी शनिवारी घरी बोलावलंय. कामट्या, चाकू त्यांच्या हातात देता येणार नाहीत. मी मैदा आणि मिठाच्या गोळ्याचे आकार करायचं म्हणतेय. कुणी केलंय का?

---

एल्बकाठची | २९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

मी नगरची, गेली अकरा वर्षं जर्मनीत, ड्रेस्डेनला. मिठाचे आकार इथे घरोघरी करतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला. पुरीपेक्षा जाड लाटा, झाकणाने किंवा वाटीने आकार काढा आणि दोऱ्यासाठीचं भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडा. शंभर-एकशेवीस अंशांवर दोन-तीन तास. घाई करून आच वाढवली तर फुगतात आणि तडकतात. तुमच्याकडच्या दमट हवेत मीठ पाणी ओढून घेतं आणि आकार मऊ पडतात, म्हणून रंगानंतर दोन्ही बाजूंनी वॉर्निश हवंच.

मला मात्र इथली सगळ्यात आवडती सजावट म्हणजे काडाच्या चांदण्या. धान्याचं काड अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायचं, नखाने उभं चिरायचं, इस्त्रीने सपाट करायचं. चार पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून मध्ये लाल दोऱ्याने बांधायच्या. दोरा एका पट्टीवरून, पुढच्या पट्टीखालून असा फिरवत न्यायचा. टोकं कात्रीने तिरकी कापली की झाली. इथे राय किंवा गव्हाचं काड वापरतात. भाताच्या पेंढ्याचीही लहान चांदणी होते. लोंबीजवळचं वरचं पेर निवडा, ते गुळगुळीत असतं. आता कापणी झालीय, पेंढा ताजा मिळेल. चिरायचं आणि इस्त्री करायचं काम मोठ्यांनी करावं. पाच वर्षांच्या मुली दोन पट्ट्यांची फुली नीट करतात.

ड्रेस्डेनच्या पूर्वेला हेर्नहुट गाव आहे, तिथली चांदणीही सांगायलाच हवी. १९ व्या शतकात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमिती शिकवताना ती जन्माला आली. पंचवीस टोकं असतात, सतरा चौकोनी बुडाची आणि आठ त्रिकोणी बुडाची. सव्विसावी बाजू दिव्यासाठी आणि टांगण्यासाठी मोकळी. आमच्या शेजारच्या आजी दर वर्षी ती सुटी करून खोक्यात ठेवतात आणि आगमन काळाच्या पहिल्या रविवारी नातवंडांबरोबर पुन्हा जोडतात. वाडीतली, तुमच्या ओटीचं वाचताना मला त्यांचं स्वयंपाकघर आठवलं.

---

शनिवारपेठकर | २९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

गोठ्याबद्दल मी लिहितो. आमच्या घरी नाताळ नसतो, पण शाळेपासूनच्या मित्राच्या घरचा गोठा मी गेली वीस वर्षं करतोय. सुरुवात अशी झाली की दिवाळीत तो माझ्या किल्ल्यावर माती लिंपायला यायचा. मग एका डिसेंबरात म्हणाला, "आता तू माझ्याकडे ये."

तंत्र तेच. विटा आणि फुटक्या कुंड्या रचायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, मातीचा राडा हाताने थापायचा. किल्ल्यावर अळीव टाकतो तसाच इथेही. चार दिवसांत हिरवं होतं. फ्लॅटमध्ये माती नको असेल तर खाकी कागद चुरगाळा, पुन्हा उघडा, पुन्हा चुरगाळा आणि घडीच्या कडांवर कोरड्या ब्रशने करडा-पांढरा रंग ओढा. पाच फुटांवरून बघितलं तर खडकच. गोठ्याचं छप्पर भाताच्या पेंढ्याचं. वसईत केळीच्या बागा आहेत, तर भिंतींना केळीचं वाळलेलं सोपट लावा. त्याचा रंग कुठल्याही पुठ्ठ्याला यायचा नाही. थर्माकोल आणू नका. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तसंही ते बर्फासारखं दिसत नाही, थर्माकोलसारखंच दिसतं.

गोठ्याची प्रथाही साध्यासुध्या वस्तूंचीच आहे. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्यो गावी नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरं गवत आणि जिवंत बैल-गाढव आणून देखावा मांडला होता. म्हणून मला वाटतं, गोठ्यात खरं गवत हवं. बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

---

मांडवीकाठ | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१२

गवतासाठी आम्ही नाचणी पेरतो, अगदी मऊ हिरवळ दिसते. रात्रभर भिजवून पसरट ताटलीत मातीवर दाट पेरा, दोन दिवस ओल्या फडक्याने झाका, मग उजेडात ठेवा. दहा-बारा दिवस धरा. पाणी हाताने शिंपडा. ओतलं की बुरशी येते.

---

नगरी | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

आमच्या चर्चच्या अंगणात नाताळला पताकाच असतात. गावच्या जत्रेला लावतात तशाच, त्रिकोणी, सुतळीवर चिकटवलेल्या. तरुण संघातली मुलं कापतात, बायका खळ लावतात, म्हातारी माणसं वाळलेल्या माळा गुंडाळून ठेवतात. ख्रिसमस ट्री म्हणून सुरूची फांदी डब्यात रोवायची. तिची बारकी फळं सोनेरी रंगात बुडवून दोऱ्यात ओवली तर फार छान दिसतात. विकत काही आणावं लागत नाही.

---

सावली | १ डिसेंबर, रात्री १२:४०

एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. मी घर आणि शिफ्टची नोकरी सांभाळते. हाताने केलेलंच खरं, असं कुणी म्हणालं की माझ्यासारखीला उगाच अपराधी वाटतं. विकतची चांदणी लावणाऱ्या घरातही सण तेवढ्याच श्रद्धेने होतो.

---

वाडीतली | १ डिसेंबर, सकाळी ६:५०

सावली, अगदी खरं आहे. चार वर्षं मीही विकतचीच लावली आणि त्या वर्षांतला नाताळ काही उणा नव्हता. मला चांदणीपेक्षा ओटीवरची ती संध्याकाळ हवी आहे. तुम्ही वसई-विरारच्या जवळपास असाल तर ६ आणि १३ डिसेंबरला दुपारी आमच्याकडे या. काही करू नका, नुसत्या बसा. चहा मी देईन.

---

सावली | १ डिसेंबर, सकाळी ७:३५

नालासोपाऱ्याला राहते. १३ ला सुट्टी आहे. येते.

---

एल्बकाठची | २ डिसेंबर, सायंकाळी ५:१५

१३ तारीख छान निवडलीत. तो संत लुसीचा सण. हंगेरी आणि क्रोएशियात त्या दिवशी ताटलीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत उगवलेली हिरवळ मेजावर ठेवतात. माझ्या इथल्या क्रोएशियन मैत्रिणीने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी तिला आमच्या आजीच्या नवरात्रातल्या घटाबद्दल सांगितलं. तिने घटाचा फोटो मागून घेतला, अजून तिच्या फ्रिजवर आहे.

---

वाडीतली | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

मदत हवी आहे. काल पहिली चांदणी बांधली आणि ती वाकडी झाली. एक टोक लांब, समोरचा पंचकोन चेपलेला. मापं काठीवरूनच घेतली होती, फराटेही बरोबर आहेत. तीन तास गेले आणि मी सगळ्यांसमोर रडवेली झाले. काय चुकलं असेल?

---

सुतारपक्षी | ७ डिसेंबर, रात्री १०:०५

छेद आधी घट्ट बांधलेत का? बहुतेक तसंच झालं असेल. आधी पाचही टोकं बांधा, तीही सैल. मग जमिनीवर ठेवून काठ्या सरकवा, प्रत्येक छेदावर दोन्ही काठ्यांचे फराटे एकमेकांवर येऊ द्या. आणि काठ्या नुसत्या एकावर एक ठेवू नका, विणा: एका छेदाला वरून, पुढच्याला खालून. विणल्यावर काठ्या एकमेकींना धरून ठेवतात. सगळं जुळलं की मगच गाठी आवळा.

अशा दोन चांदण्या करा, एकीवर एक ठेवून पाच टोकं एकत्र बांधा. शेवटी आतल्या पाच छेदांवर दोन्हींच्या मध्ये आखूड कामट्या तटवा. तुमच्या मापाला पाच इंच पुरे. त्यांनी चांदणीला पोट येतं.

---

मांडवीकाठ | ७ डिसेंबर, रात्री १०:४०

आणि कागद लावताना बाजूच्या पट्ट्या विसरू नका. पुढे पाच त्रिकोण, मागे पाच, पण पुढच्या आणि मागच्या काठ्यांमध्ये दहा निमुळत्या फटी राहतात. त्या उघड्या राहिल्या तर उजेड बाजूने सांडतो. मागचा पंचकोन मात्र मोकळा ठेवा, दिव्यासाठी.

---

वाडीतली | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

झाली! काल सहा जणी होतो. सावलीताई आल्या, आणि नुसत्या बसायच्या बोलीवर आलेल्या त्यांनी सर्वांत जास्त गाठी बांधल्या. त्या नर्स आहेत. बँडेजला मारतात ती सपाट गाठ त्यांनी सगळ्यांना शिकवली. ती घसरत नाही आणि फुगतही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र त्यांच्या आकाशकंदिलाच्या गाठीवरच राहिल्या, दोरा चारदा फिरवून शेवटी अडकवायची. फराटे जुळले तेव्हा सांगाडा आपोआप ताठ झाला. मी हातात धरून हलवला, एकही काठी सरकली नाही. ओटीवर पप्पा असाच हलवून बघायचे आणि मग काही न बोलता पुढच्या कामट्या घ्यायचे.

नाचणीही उगवली आहे. ३ तारखेला पेरलेली ताटली पाणी जास्त होऊन बुरशीने गेली, ६ ची छान आहे.

---

आईची_लेक | १५ डिसेंबर, दुपारी ३:१०

आमच्याकडे मिठाचे एकतीस आकार झाले. एल्बकाठचीताई, वॉर्निशचं सांगितलंत ते बरं केलंत. लेकीने चांदण्यांऐवजी सात बैल केले. गोठ्यात फक्त एकच बैल होता हे तिला पटत नाही. मैत्रिणीच्या गोठ्यासाठी सातही देणार आहे.

---

वाडीतली | २६ डिसेंबर, सकाळी ११:००

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.

चांदणी २३ ला खिडकीबाहेर लावली. लाल आणि पांढरा पतंगी कागद, आत पाच वॅटचा एलईडी. दिवा लावल्यावर एक गोष्ट दिसली. पप्पांच्या चांदणीतही ती असणार, पण तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. कागदातून कामट्यांच्या सावल्या दिसतात आणि प्रत्येक गाठीचीही. काकूंची गाठ जाड, गोल. सावलीताईंची चपटी. खालच्या डाव्या कोपऱ्यात दोऱ्याचं लोंबतं टोक आहे, ती माझी. खाली रस्त्यावर उभ्या राहून आम्ही सहाही जणींनी आपापल्या गाठी ओळखल्या.

गोठा दिवाणखान्यात, केळीच्या सोपटाचा. मध्यरात्रीच्या मिस्सेहून आल्यावर बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवली, तोवर ती रिकामीच ठेवतो. बाळ येशूच्या दर्शनाला येणारे तीन राजे सध्या टीव्हीच्या शेल्फवर आहेत. माझा मुलगा रोज त्यांना वीतभर पुढे सरकवतो, म्हणजे ६ जानेवारीला, त्यांच्या सणाला, ते पोचतील.

---

शनिवारपेठकर | २६ डिसेंबर, दुपारी १:२५

राजे सरकवण्याची कल्पना मित्राच्या मुलांना आत्ताच फोनवर सांगितली. त्यांनी लगेच राजांना जिन्यापर्यंत मागे नेलं.

---

वाडीतली | ७ जानेवारी, रात्री ९:१५

काल राजे पोचले, आज गोठा काढला. नाचणीची ताटली काकूंच्या तुळशीशेजारी रिकामी केली. चांदणीचा कागद फाडून सांगाडा माळ्यावर ठेवला; दिवाळीत काकू त्याला पिवळा कागद लावणार आहेत. मापाची काठी मात्र माळ्यावर टाकली नाही, दाराच्या मागे खिळ्याला अडकवली आहे. तिच्यावरून पाच काठ्या कापून दिल्या, प्रत्येकीला एक.

---

आईची_लेक | ७ जानेवारी, रात्री ९:४०

वाडीतलीताई, आमची खिडकी लहान आहे. पुढच्या वर्षी दीड फुटाची केली तर खाच कुठे मारू?

---

वाडीतली | ७ जानेवारी, रात्री ९:५२

सहा इंच सात सूत. मधला भाग सव्वाचार राहील.